बोटीच्या आधीचे नऊ महिने

आज सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानी लष्करात सुमारे २ लाख माणसं होती. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा हा आकडा २५ लाखांच्या आसपास पोहोचला होता. सक्तीची भरती नव्हती, त्यामुळे कागदोपत्री सगळे स्वेच्छेने आलेले. म्हणजे सहा वर्षांत बावीस-तेवीस लाख शेतकरी, मजूर, गुराखी, हमाल शिपाई झाले. इतिहासाची पुस्तकं त्यांना थेट रणांगणावर भेटतात: केरेन, टोब्रुक, सिंगापूर, कोहिमा, इटली. आपल्याला आज त्याआधीचा काळ पाहायचा आहे. गावातून उचललेलं पाऊल आणि बोटीच्या शिडीवर ठेवलेलं पाऊल, या दोन पावलांच्या मध्ये नेमकं काय घडत होतं?

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. कवायत, चांदमारी, लंगरचं जेवण, त्यात काय मोठं? पण आमचं म्हणणं असं आहे की हे मधले महिने किती होते आणि ते कसे वापरले गेले, यावर हजारो माणसांचं जगणं-मरणं ठरलं. आणि हे महिने किती असावेत, हे ठरवताना त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं.

बेळगाव का?

उदाहरण म्हणून आम्ही बेळगाव घेतो. मराठी शिपायाच्या आयुष्यात या गावाचं स्थान वेगळंच आहे. आजही मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथेच आहे.

पण पहिल्या महायुद्धात असं केंद्र नव्हतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्या काळी प्रत्येक पलटण आपले रंगरूट आपल्याच डेपोत तयार करायची. रंगरूट म्हणजे नवा भरती झालेला शिपाई. इंग्रजी 'रिक्रूट' आपल्या लोकांच्या तोंडी असा झाला. १९१४ साली शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता, आणि पोटाचा खर्च त्यातूनच भागवायचा. मोफत शिधा सुरू झाला तो १९१७ साली, म्हणजे अर्धं युद्ध उलटून गेल्यावर.

ही व्यवस्था सरहद्दीवरच्या छोट्या मोहिमांसाठी ठीक होती. पण ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड निघाली आणि ६ नोव्हेंबरला इराणी आखाताच्या टोकाशी, फाओला उतरली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. मागोमाग १०३ वी आणि ११० वी गेली. पुढे कुतचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजारांच्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. या सगळ्या काळात माणसं पडत होती आणि त्यांच्या जागी नवी पाठवायची होती. डेपोंना हे झेपेना. अर्धवट शिकलेले रंगरूट बोटीत बसवले गेले आणि उरलेलं शिक्षण त्यांनी तिथेच घेतलं. ते पूर्ण व्हायला किती जण जिवंत राहिले, हा वेगळा प्रश्न.

या अनुभवातून युद्धानंतर फेररचना झाली. जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री बनली. ११४ व्या मराठा पलटणीचं नाव दहावी बटालियन झालं आणि तिच्याकडे एकच काम आलं: बेळगावात बसून सगळ्या रेजिमेंटसाठी शिपाई घडवणं. १९२२ पासून कोकणातला असो की घाटावरचा, प्रत्येक मराठा रंगरुटाची वाट बेळगावातून जाऊ लागली.

एक दिवस

आता या बेळगावातला १९४०-४१ सालातला एक दिवस पाहू. कोण्या एका माणसाची ही कहाणी नाही. अनेकांच्या दिवसांतून हा एक दिवस जुळवला आहे.

बिगुल वाजतो तेव्हा अजून अंधार असतो. पहाटे उठायची सवय शेतकऱ्याच्या पोराला असतेच. नवीन गोष्ट अशी की सगळे एकाच क्षणी उठतात. घरी दिवस सुरू होतो तो कोंबड्यावर आणि जनावरांवर. इथे तो घड्याळावर सुरू होतो, आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात असतं. बिस्तरा गुंडाळायचा, तोही ठरलेल्या मापात. दाढी करायची. मग बनियन आणि अर्धी चड्डी घालून पीटी.

त्यानंतर परेड. इथे पहिली अडचण येते ती पायांची. आयुष्यभर अनवाणी किंवा वहाणा घालून चाललेला पाय बुटात कोंबायचा. नवीन चामडं, खाली खिळे, आणि वर घोट्यापासून गुडघ्याकडे गुंडाळत न्यायची पट्टी. पट्टी सैल बांधली तर परेडमध्ये सुटते, घट्ट बांधली तर पोटरी बधिर होते. पहिल्या आठवड्यांत टाचांना फोड येतात. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण पायदळाचा शिपाई म्हणजे शेवटी दोन पाय. ज्याला वीस मैल चालता येत नाही, तो लढाईपर्यंत पोहोचतच नाही.

मग बंदूक. पॉइंट ३०३ ची रायफल, वजन जवळजवळ चार किलो, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. ती उघडायची, पुसायची, तेल द्यायचं, जोडायची. हवालदार घड्याळ लावून बसतो. पुढे ब्रेन गन येते. तिची तर डोळे मिटून मॅगझिन बदलता यायला हवी. चांदमारीचा दिवस मात्र खास. इतके दिवस फक्त खटका ओढलेला असतो, आज खरी गोळी. खांद्याला बसणारा दणका, कानांत घुमणारा आवाज आणि समोर निशाणाच्या खड्ड्यातून वर येणारी काठी, जी सांगते की गोळी कुठे लागली. गावात पाटलाच्या घरची ठासणीची बंदूक लांबून पाहिलेल्या पोराच्या हातात सरकार हे हत्यार देतं, आणि रात्री मोजून परत कोतात ठेवून घेतं. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायच्या.

दुपारी लंगर. कोकणातल्या मुलाचं पोट भातावर पोसलेलं, देशावरच्याचं ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर. लष्कराचा शिधा मात्र आट्याचा. डाळ, तूप, गूळ, अधूनमधून मटण. सुरुवातीला पोट बिघडतं, तक्रारी होतात. पण काही महिन्यांत वजन वाढतं. भरती होताना अनेक जण ठरलेल्या मापापेक्षा हलके असत आणि केवळ नियमित दोन वेळच्या अन्नावर अंगाने भरत. ही गोष्ट लष्कराच्या कौतुकाची म्हणून सांगितली जाते. आपण ती उलटीही वाचायला हवी. तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाला पोटभर जेवण मिळायला युद्ध व्हावं लागलं. युद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा पगार महिना १६ रुपये होता. त्यातले बरेचसे मनीऑर्डरने घरी जात. भरतीच्या ऑफिससमोरची रांग समजून घ्यायची असेल तर शौर्याच्या पोवाड्यांइतकाच हा १६ रुपयांचा आकडाही महत्त्वाचा आहे.

रोमन उर्दूचा वर्ग

दुपारनंतर वर्ग. विषय कोणता? उर्दू. आणि लिपी कोणती? इंग्रजी. याला रोमन उर्दू म्हणत. पठाण, जाट, गढवाली, मराठा, तमिळ या सगळ्यांसाठी लष्कराची ही एकच भाषा. रत्नागिरीचा मुलगा, ज्याने कधी धुळाक्षरंही गिरवली नाहीत, तो इथे ए-बी-सी शिकतो, पण त्यातून लिहितो उर्दू. घरी पत्र पाठवायचं तर बरोबरीच्या एखाद्या शिकलेल्याकडून बाळबोधीत लिहून घ्यायचं. म्हणजे आईशी बोलायची भाषा एक, हवालदाराची दुसरी, साहेबाची तिसरी.

यातून गमतीदार शब्द जन्मले. पहारेकरी अंधारात कोणी दिसलं की इंग्रजीत विचारायचा, 'हू कम्स देअर?' त्याचं झालं 'हुकुमदर!' शब्द मोडला, काम मात्र तेच राहिलं. रंगरूट, पलटण, लंगर, बिगुल हे शब्द असेच छावणीतून गावात आले आणि मराठीत रुळले.

या वर्गाची आणखी एक बाजू आहे. लष्करी शाळा ही काही समाजांसाठी शिक्षणाची पहिली वाट होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेतले शिक्षक होते, हे आपल्याला माहीत आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'लढवय्या जाती' नावाचा सिद्धांत पुढे करून महारांची भरतीच बंद केली गेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं हवी झाली. जुलै १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कुठे? बेळगावातच. ज्या मैदानावर उभं राहायचा हक्क पन्नास वर्षांपूर्वी काढून घेतला होता, तिथे पुन्हा रांग लागली. बूट, रायफल आणि वर्ग या तिन्ही गोष्टींचा अर्थ त्या रांगेतल्या माणसासाठी जरा वेगळा होता.

संध्याकाळी खेळ. हॉकी, कबड्डी, कुस्ती. मग हजेरी, दिवे बंद, आणि ज्याची पाळी असेल त्याचा पहारा. रविवारी कपडे धुणं आणि पत्रं. असा एक दिवस. असे साधारण अडीच-तीनशे दिवस मिळाले की शिपाई तयार होतो, असं जुन्या सुभेदारांचं गणित.

घाई

आता मूळ मुद्द्यावर येऊ. १९४१ साली हे गणित बिघडलं.

दोन लाखांच्या लष्कराचे दहा लाख करायचे असतील तर नव्या बटालियन उभ्या कराव्या लागतात. नव्या बटालियनला नुसते रंगरूट देऊन चालत नाही. शिकवणारे नाईक, हवालदार, जमादार लागतात. ते कुठून आणायचे? जुन्या बटालियनमधून काढून. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बोलीत याला 'दूध काढणं' म्हणत. गाय एकच, आणि धार काढणारे दहा. एका जुन्या पलटणीतून तीन-चारदा माणसं काढली की जुनीही पातळ होते आणि नवीही पातळच राहते. त्यात हत्यारं अपुरी. ब्रेन गन आणि मॉर्टर नव्या पलटणींच्या हातात फार उशिरा पडल्या.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर घडलं. १९४१ साली अहमदनगरला सतरावी इंडियन डिव्हिजन उभी राहिली. तिच्यात ४४, ४५ आणि ४६ अशा तीन ब्रिगेड होत्या. त्यांना जायचं होतं इराकला, म्हणून सगळी तयारी उघड्या, कोरड्या प्रदेशाची. नगरचं माळरान त्याला सोयीचं. डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि एका हुकुमासरशी दिशा बदलली. ४४ आणि ४५ मलायाकडे, ४६ आणि डिव्हिजनचं मुख्यालय ब्रह्मदेशाकडे.

४५ व्या ब्रिगेडमध्ये जाट, गढवाली आणि राजपुताना रायफल्स अशा तीन बटालियन होत्या. मराठा एकही नव्हती. पण उभारणी आपल्या नगरची. ३ जानेवारी १९४२ ला ती सिंगापूरला पोहोचली. बरीच मुलं कोवळी, बारा महिन्यांपूर्वी शेतात असलेली. जंगल त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पंधरा दिवसांच्या आत मुआर नदीच्या काठी जपान्यांच्या इंपीरियल गार्ड्सच्या तडाख्यात ती सापडली. ब्रिगेडियर डंकन मारले गेले. आठवड्याभरात ४५ वी ब्रिगेड लढाऊ दल म्हणून शिल्लक राहिली नाही. ४४ वी जानेवारीच्या अखेरीस पोहोचली आणि १५ फेब्रुवारीला सिंगापूरच्या शरणागतीत कैद झाली. ४६ वी सितांग नदीवर अडकली. २३ फेब्रुवारीला आपलेच लोक पलीकडे असताना पूल उडवावा लागला.

मलायाचे सेनापती पर्सिव्हल यांनी नंतर लिहिलं त्याचा आशय असा की ४५ वी ब्रिगेड कधीच युद्धावर पाठवण्याजोगी नव्हती. माणसांत खोट नव्हती, ती फक्त कच्ची होती. श्रोतेहो, हे वाक्य नीट ऐका. कच्ची माणसं बोटीत आपणहून चढत नाहीत, कोणीतरी त्यांना चढवतं.

नऊ अधिक दोन

या पराभवांनंतर लष्कराला थांबून विचार करावा लागला. जून १९४३ मध्ये दिल्लीत इन्फंट्री कमिटी नेमली गेली. तिच्या शिफारशींत एक अगदी साधी गोष्ट होती: वेळ द्या. रंगरुटाला रेजिमेंटच्या केंद्रात नऊ महिने मूलभूत शिक्षण, आणि त्यानंतर दोन महिने खास जंगलयुद्धाचं. त्यासाठी दोन डिव्हिजन लढाईतून काढून निव्वळ शिक्षणाला लावल्या. चौदावी छिंदवाड्याला, एकोणचाळिसावी सहारनपूरला.

रोजच्या दिवसात यामुळे काय फरक पडला? सरळ रांगेची परेड कमी झाली, रात्रीचं काम वाढलं. आवाज न करता चालणं, पानांतून पाहणं, गस्त घालणं, खंदक खणून त्यात रात्र काढणं. स्वयंपाकी आणि कारकून यांनाही रायफल शिकवली, कारण जंगलात पिछाडी नावाची जागाच नसते. सूर्य मावळला की बाह्या खाली. रोज मेपाक्रिनची पिवळी गोळी, तीही अधिकाऱ्यासमोर गिळायची. मलेरियाने जपान्यांपेक्षा जास्त माणसं लोळवली होती. आणि खडकवासल्याच्या तलावावर होड्यांतून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव चाले; जिथे पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली, तीच ही जागा.

बोट

शेवटी जायचा दिवस. त्याआधी घरी जाण्याची रजा. मग टोचून घ्यायचं, देवी, विषमज्वर, कॉलरा. दंड सुजलेला, अंगात कणकण. पगारातून घरी किती रक्कम जाणार ते कागदावर लिहून द्यायचं, आपल्या पश्चात कोणाला कळवायचं त्याचं नाव सांगायचं. अनेकांच्या मनात मृत्यूचा विचार पहिल्यांदा शिरला असेल तो कारकुनासमोर हे नाव सांगताना.

बेळगावहून मिरजमार्गे पुण्यापर्यंत मीटर गेज. पुण्याला गाडी बदलायची आणि सगळं सामान पाठीवर घेऊन मोठ्या गाडीत चढायचं. पुढे कल्याणजवळची लष्करी छावणी, जिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर झालं. तिथे दिवस मोजत थांबायचं. बोट कधी, कुठे जाणार, ते सांगत नसत. मग मुंबईची गोदी. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी.

पश्चिमेकडे गेलेल्यांचं शिक्षण तिथेही संपलं नाही. आठव्या आणि दहाव्या इंडियन डिव्हिजनने इटलीत उतरण्याआधी मध्यपूर्वेत डोंगरी लढाईचा सराव केला. आठवी सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली, दहावी पुढच्या वर्षी मार्चमध्ये. दोन्हींत मराठे होते.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. रायगडच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी. ते एकटे पुढे धावले, बॉम्ब फेकला, टॉमी गनने गोळ्या झाडल्या. मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा तीच गन उलटी धरून उरलेल्या दोघांवर चालवली. लगेच लपलेल्या निशाणबाजांनी त्यांना टिपलं. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेलं, आणि मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव परत आले. घाडगे आले नाहीत.

शौर्य कवायतीतून येतं, असं आम्ही म्हणणार नाही. ते ज्याचं त्याचं. पण हात मोकळे असल्याशिवाय शौर्याला काही करता येत नाही. मॅगझिन संपली हे त्या क्षणी कळणं, ती बदलायला किती वेळ लागेल याचा अंदाज असणं, हे हातांना कोणीतरी महिनोन् महिने शिकवलेलं असतं. मुआरच्या काठावरच्या मुलांत हिंमत कमी होती का? तसं मानायला काहीच आधार नाही. त्यांना दिवस कमी मिळाले होते.

दगडावर काय कोरलेलं नाही

साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले. कोकणात आणि घाटावर अनेक गावांत असे दगड आहेत: या गावातून इतके युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. तिसरा आकडा कुठेच नाही, की त्यांना किती महिने शिकवून पाठवलं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ८७ हजार हिंदुस्थानी सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी किती जण शत्रूमुळे गेले आणि किती जण आपल्याच सरकारच्या घाईमुळे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी डिस्चार्जचं पुस्तक असेल, गणवेशातला फोटो असेल. त्या पुस्तकात भरतीची तारीख असते आणि परदेशातल्या नोकरीची तारीखही असते. या दोन तारखांमधलं अंतर मोजून पाहा. आणि आजोबांबद्दल बोलताना 'ते कुठे लढले?' यासोबत 'ते किती दिवस शिकले?' हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बऱ्याच गोष्टी त्या उत्तरातून उलगडतील.

इथे थांबतो.